शाळेतली पूजा, धर्माचा रकाना आणि देव न मानणारी शिक्षिका

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत एक ताई अकरा वर्षांपासून शिकवतात. त्या आणि त्यांचे यजमान देव मानत नाहीत. शाळेत दरवर्षी सत्यनारायण होतो, त्यासाठी प्रत्येकाकडून पाचशे रुपये घेतात आणि जोडीने पूजेला बसायचा मान पाळीपाळीने शिक्षकांना देतात. यंदा पाळी त्यांची आली. त्यांनी नाही म्हटल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, यादीत नाव आलं म्हणजे बसावंच लागते. उगाच काहून सीआर खराब करून घेता?" सीआर म्हणजे कामाचा वार्षिक गोपनीय अहवाल. त्याच आठवड्यात लेकीच्या पहिलीच्या प्रवेश अर्जात त्यांनी धर्माचा रकाना कोरा ठेवला, तर क्लार्कने अर्ज परत केला. घरी सासूबाईंचा देव्हारा आहे आणि तिथेही अबोला सुरू झालाय. ताईंनी विचारलंय की कायदा आमच्या बाजूने आहे का, आणि मुळात शाळा, कचेरी, रस्ता अशा सगळ्यांच्या जागी धर्माचं काय काम?

ताई, मी नागपुरात एकतीस वर्षं वकिली करतोय. शिक्षकांच्या आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या नोकरीचे वाद हेच माझं मुख्य काम. मी स्वतः देव मानत नाही, हेही सांगून ठेवतो, म्हणजे माझा कल कुठे आहे ते तुम्हाला कळेल. पण तुमच्यासारखे प्रश्न घेऊन माझ्याकडे जितके नास्तिक आले, जवळपास तितकेच श्रद्धाळूही आले. कुणी ख्रिस्ती नर्स होती, कुणी बौद्ध ग्रामसेवक, कुणी नमाज पढणारा लिपिक, कुणी वारकरी. सगळ्यांची तक्रार एकच होती, की माझ्या मनाविरुद्ध मला हात जोडायला लावताहेत. म्हणून या प्रश्नाकडे आस्तिक विरुद्ध नास्तिक असं पाहणं मी फार पूर्वीच सोडलं. मी एवढंच विचारतो, की समोरून आलं ते निमंत्रण होतं की हुकूम?

तुमच्या शाळेत पूजा झाली म्हणून तुमचा हक्क मोडत नाही. तुम्हाला पूजेला बसवलं, वर्गणी सक्तीने घेतली, नकाराची किंमत सीआरमध्ये वसूल केली, तर मोडतो. हा फरक नीट धरून ठेवा, कारण माझे काही नास्तिक मित्र इथेच घसरतात. पूजाच बंद करा म्हणून ते अर्ज करतात आणि हरतात. गुजरातमध्ये उच्च न्यायालयाच्याच नव्या इमारतीचं भूमिपूजन झालं, त्याला आक्षेप घेणारी जनहित याचिका दाखल झाली. २०११ साली ती फेटाळली गेली आणि याचिकाकर्त्याला २० हजार रुपये खर्च भरायला सांगितलं. मला तो निकाल पटत नाही. न्यायासनाच्या इमारतीचा पाया कुठल्याही एका धर्माच्या विधीने घातला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. पण माझं मत आणि आजची कायद्याची स्थिती या दोन गोष्टी मी पक्षकारासमोर कधी मिसळत नाही, तुमच्यासमोरही मिसळणार नाही.

आता तुमची बाजू कुठे भक्कम आहे ते सांगतो. संविधानाचा अनुच्छेद २५ लोक 'धर्मस्वातंत्र्याचा' म्हणून ओळखतात, पण त्याची सुरुवात सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यापासून होते. धर्म मानणं, आचरणं, त्याचा प्रसार करणं हे त्याच्या नंतर येतं. ज्याला विवेकाने देव पटला त्याचं जसं त्यात रक्षण आहे, तसंच ज्याला पटला नाही त्याचंही आहे. अनुच्छेद २८ शाळांविषयी आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या, म्हणजे जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत धार्मिक शिक्षण देताच येत नाही. तुमच्यासारख्या अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत ते असू शकतं, पण तिथे येणाऱ्या कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. म्हणजे तुमच्याच शाळेतल्या एखाद्या मुलाच्या वडिलांनी "माझं पोरगं पूजेला बसणार नाही" असं लिहून दिलं, तर तुम्हालाही ते पाळावं लागेल.

तुमच्या प्रकरणाला सगळ्यात जवळचा निकाल नाशिकचा आहे. तिथल्या एका शाळेतल्या शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला. ते उभे राहायचे, पण हात जोडत नसत. शाळेने याला बेशिस्त ठरवलं आणि बारा वर्षांच्या सेवेनंतर मिळणारी वरिष्ठ वेतनश्रेणी अडवून धरली. ते उच्च न्यायालयात गेले आणि २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की प्रार्थनेत हात जोडायची सक्ती हा मूलभूत हक्कांचा भंग आहे. तुमच्याशी साम्य बघा. विधी शाळेचा होता, नकार शांत होता आणि शिक्षा नोकरीच्या कागदातून दिली गेली. मुख्याध्यापकांशी बोलताना हा निकाल जवळ ठेवा. आधी तो त्यांच्या टेबलावर आपटू नका, नुसतं सांगा. बहुतेक मुख्याध्यापकांना हे माहीतच नसतं. ज्या संस्थेत तीस वर्षं कुणी नाही म्हटलेलं नाही, तिथे नाही म्हणता येतं हेच लोक विसरलेले असतात.

दुसरा निकाल मला फार प्रिय आहे. केरळमध्ये यहोवाचे साक्षीदार या पंथाची तीन भावंडं होती. राष्ट्रगीत सुरू झालं की ती आदराने उभी राहत, पण गात नसत, कारण त्यांच्या श्रद्धेप्रमाणे असं गाणं फक्त त्यांच्या देवासाठी होतं. शाळेने त्यांना काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली त्यांना परत घ्यायला लावलं. बघा ताई, ही मुलं कट्टर श्रद्धाळू होती, आणि त्यांनी जिंकलेली जागा आज देव न मानणाऱ्या माणसाच्या कामी येते. त्यांचं वागणंही शिकण्यासारखं आहे. कुणाचा अपमान नाही, गोंधळ नाही, बहिष्काराची घोषणा नाही. शाळेच्या कार्यक्रमात तुम्ही मागे उभ्या राहा, प्रसाद घ्यायचा तर घ्या, नको तर नको म्हणा, आणि यजमानपद मात्र घेऊ नका. न्यायालयात पहिला प्रश्न हाच येतो, की नकार देताना यांनी इतरांच्या पूजेत अडथळा आणला का?

पाचशे रुपयांचं सांगायचं तर, तुमचा पगार शालार्थ प्रणालीतून थेट बँकेत येतो, म्हणून ही वर्गणी नेहमी हातात रोख मागितली जाते आणि तिची पावती नसते. पावती मागा. ज्या वर्गणीची पावती द्यायची कुणाची तयारी नसते, तिची सक्ती टिकत नाही. मी हे अनेक कार्यालयांत पाहिलंय.

सीआरची भीती मात्र खरी आहे आणि तिच्याकडे मी हलक्याने पाहणार नाही. प्रतिकूल शेरा लिहिला तर तो तुम्हाला लेखी कळवावा लागतो, आणि तुम्हाला त्यावर अभिवेदन, म्हणजे आपली लेखी बाजू, देता येतं. शेरा कळवलाच नाही, तर पुढे त्याचा आधार घेऊन तुमचं नुकसान करणं अवघड होतं. हे आधी संस्थेच्या पातळीवर चालतं, मग शिक्षणाधिकारी माध्यमिक यांच्याकडे. शाळा न्यायाधिकरणाची पायरी बडतर्फी, पदावनती, पदोन्नतीत डावलणं अशा गोष्टींसाठी असते, नुसत्या शेऱ्यासाठी तिथे जाता येत नाही. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक शिक्षक आले होते. कारण तुमच्यासारखंच होतं, पण त्यांनी सगळं तोंडी केलं होतं. मुख्याध्यापक काय म्हणाले ते त्यांना शब्दशः आठवत होतं, कागद मात्र एकही नव्हता. दोन वर्षांनी शेरा आला तो 'सहकार्याची वृत्ती नाही' असा. त्यात पूजेचा उल्लेखही नव्हता. आम्ही ते प्रकरण फार पुढे नेऊ शकलो नाही आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं. म्हणून तुम्हाला सांगतो की नकार लेखी द्या, आणि पूजेच्या आधी द्या.

आता लेकीच्या अर्जाचा प्रश्न. इथे मी जरा सविस्तर बोलतो, कारण या बाबतीत लोक उत्साहात चूक करतात.

२०१४ च्या सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की कुठलाही सरकारी अधिकारी नागरिकाला त्याचा धर्म जाहीर करायची सक्ती करू शकत नाही, आणि 'मी कुठलाच धर्म मानत नाही' असं म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. ही याचिका कुणी केली होती ठाऊक आहे? नास्तिकांनी नव्हे. ते येशू ख्रिस्तावर श्रद्धा असलेले लोक होते, पण आम्ही ख्रिस्ती धर्म किंवा कुठलाच धर्म मानत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. राजपत्रात तशी नोंद करून द्या म्हणून त्यांनी शासकीय मुद्रणालयाकडे अर्ज केला, तो फेटाळला गेला, आणि त्यातून हा निकाल आला. तेव्हा धर्माचा रकाना कोरा आहे एवढ्याच कारणाने पहिलीचा प्रवेश अडवता येत नाही. पण कोरा ठेवूही नका. कोऱ्या रकान्यात उद्या दुसराच कुणीतरी आपल्या समजुतीने काहीतरी भरतो. मुलीच्या आडनावावरून धर्म ओळखून लिहून टाकायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. तिथे स्पष्ट 'नाही' लिहा आणि सोबत दोघा पालकांच्या सहीचं निवेदन जोडा. क्लार्कवर रागावू नका. त्याने असा अर्ज आयुष्यात पहिल्यांदा पाहिला असेल, आणि चूक झाली तर मेमो त्यालाच मिळणार आहे.

पण त्याआधी थांबून एक विचार करा. तुमची जात मला विचारायची नाही, तरी हे प्रत्येक पालकाला सांगावं लागतं. आधार, पॅन, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र यांवर धर्म नसतो. पण शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असतो, तिथून तो शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येतो, आणि जात पडताळणी समितीसमोर पुराव्याचा पहिला कागद म्हणून हाच दाखला मागतात. अनुसूचित जातींबाबतचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश म्हणतो की हिंदू, शीख किंवा बौद्ध यांच्याहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. त्यात शीख १९५६ साली आले आणि बौद्ध १९९० साली. मधल्या चौतीस वर्षांत दीक्षाभूमीवर धम्म घेतलेल्या माणसांना या एका वाक्याने किती त्रास दिला हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको. आता जो कुठलाच धर्म मानत नाही, तो 'वेगळा धर्म मानतो' असं म्हणता येईल का? वकील म्हणून माझा युक्तिवाद असेल की नाही. आदेशाची भाषा वाचली तर हा युक्तिवाद मला भक्कम वाटतो. तरीही सहा वर्षांच्या मुलीच्या दाखल्यावर मी तो प्रयोग करणार नाही. तुम्ही अनुसूचित जातीच्या असाल तर रकाना भरा, आणि मुलगी अठराची झाली की तिला ठरवू द्या. इतर मागास वर्गात असाल तर तिथली यादी जातीवर चालते, तुलनेने अडचण कमी. खुल्या प्रवर्गात असाल तर निर्धास्त 'नाही' लिहा.

मालमत्तेची काळजीही काहीजण बोलून दाखवतात, की धर्म नाही लिहिलं तर वडिलांच्या घरात हिस्सा राहील का? राहील. हिंदू उत्तराधिकार कायदा देवावरची श्रद्धा तपासत नाही. जो मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही, त्याला हा कायदा लागू होतो असं त्याचं साधारण सूत्र आहे. देव न मानणारी लेक त्यातून बाहेर पडत नाही.

तुमचा मोठा प्रश्न राहिला, की सार्वजनिक जीवनात धर्माचं काय काम.

१७ ऑक्टोबर १९४९ ला संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा सुरू होती. आपल्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून निवडून गेलेले ह. वि. कामत यांनी सुचवलं की उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी व्हावी. या प्रांताची राजधानी नागपूर होती, म्हणजे ही मागणी आपल्या भागाच्या प्रतिनिधीची होती. हृदयनाथ कुंझरू यांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं असं होतं की ही ज्याच्या त्याच्या अंतःकरणातली बाब आहे, ती बहुमताने कुणावर लादू नये. मतदान झालं, बाजूने ४१ आणि विरोधात ६८. त्या सभेत देव मानणारेच जास्त होते. तरी त्यांनी 'आम्ही भारताचे लोक' अशी सुरुवात ठेवली. देवावर श्रद्धा असलेल्या माणसांनी देवाचं नाव राज्याच्या दस्तऐवजात न घालायचं ठरवलं, ही घटना मला फार मोठी वाटते, आणि नवीन वकील मुलांना मी ती नेहमी सांगतो. शपथेच्या बाबतीतही त्यांनी दोन्ही वाटा ठेवल्या. मंत्र्याला ईश्वरसाक्ष शपथ घेता येते किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करता येतं. १९६९ च्या शपथ कायद्याने साक्षीदारालाही हीच मुभा आहे. पिंजऱ्यात उभं राहून 'देवाशपथ' म्हणायचं नसेल तर 'प्रतिज्ञेवर सांगतो' म्हणा, पुरेसं आहे. गीतेवर हात ठेवायचा प्रकार सिनेमातला, कोर्टातला नव्हे.

मग रस्त्यावरून धर्म हटवायचा का? आपल्याच शहरात बघा. दसऱ्याला एकीकडे रेशीमबागेत संघाचा विजयादशमी उत्सव असतो, आणि दुसरीकडे दीक्षाभूमीवर लाखो लोक जमतात. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही अशी आहे. जगात किती शहरांत माणसं इतक्या मोठ्या संख्येने, इतक्या शांतपणे, भर रस्त्यावर हे म्हणू शकत असतील? तो रस्ता त्यांना मिळाला तो अनुच्छेद २५ मुळे, आणि रामनवमीला पोद्दारेश्वर राम मंदिरातून निघणाऱ्या शोभायात्रेलाही तोच अनुच्छेद रस्ता देतो. ताजबागच्या उरुसाला कोण हिंदू आणि कोण मुसलमान हे ओळखू येत नाही. तान्ह्या पोळ्याला काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे मोठे पुतळे निघतात, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत गर्दी चालते, आणि सोबत जे बडगे नावाचे पुतळे असतात त्यांत पुढाऱ्यांपासून महागाईपर्यंत सगळ्यांचा समाचार घेतलेला असतो. हे पुसून टाकलेलं शहर मला नको आहे. मी नास्तिक आहे आणि दरवर्षी मारबत बघायला जातो.

माझी मागणी राज्याकडून आहे. खुर्चीवर बसलेल्या माणसाने खुर्चीतून उठून खुशाल देवळात जावं, पण खुर्चीच्या अधिकाराने दुसऱ्याला नेऊ नये. फुटपाथ अडवणारं देऊळ असो की दर्गा, त्याला नियम एकच हवा. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सार्वजनिक जागेवर नवीन अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नका असं सांगितलं होतं. २०१८ मध्ये नागपूर खंडपीठाच्या आदेशांनंतर महापालिका आणि सुधार प्रन्यासने इथे कारवाई सुरू केली, तेव्हा किती विरोध झाला ते तुम्हाला आठवत असेल. त्या दिवसांत मला फार श्रद्धाळू माणसं भेटली जी खासगीत म्हणत, "भाऊ, हे मंदिर देवासाठी नव्हतंच, प्लॉट अडवासाठी होतं." पण सभेत ते कुणी बोललं नाही. आस्तिकांनी तोंड उघडलं तर हे प्रश्न लवकर सुटतील असं मला तेव्हापासून वाटतं. आमच्या तोंडून ते आलं की त्याचा देवद्वेष होतो.

आणि एका ठिकाणी मी जराही सबुरीने बोलत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात सात जणांना भानामतीच्या संशयावरून बांधून मारहाण केली. त्यात म्हातारी माणसं होती, बायका होत्या, सगळे दलित होते. नागपूरहून एका दिवसात जाऊन येता येईल इतक्या अंतरावरची ही गोष्ट. इथे निमंत्रण आणि हुकूम यांचीही चर्चा संपते, इथे फौजदारी कायदाच लागतो. तो कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी कित्येक वर्षं मागितला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला, आणि डिसेंबरमध्ये आपल्या इथल्या हिवाळी अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. सिव्हिल लाइन्समधल्या विधानभवनावरून जाताना मला दरवेळी ते आठवतं. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, ५ हजार ते ५० हजार दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन यांना हा कायदा लागू नाही हे त्यातच लिहिलंय. तरी त्याला धर्मविरोधी म्हणणारे आजही भेटतात. त्यांना मी कायद्याचा कागदच वाचायला देतो.

शिक्षिका म्हणून तुमच्या हातात एक गोष्ट आहे. अनुच्छेद ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, शोधक बुद्धी वाढवणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हटलंय. त्याच्या जोरावर वर्गात 'देव नाही' असं शिकवायला जाऊ नका. तसं केलंत तर खुर्चीतून हुकूम देणाऱ्या तुमच्या मुख्याध्यापकांत आणि तुमच्यात फरक उरणार नाही. लिंबातून लाल रंग कसा निघतो, पेटता कापूर जिभेवर कसा ठेवता येतो, हे करून दाखवा. देवाचं मुलं आपापलं बघतील. आणि शाळेच्या व्हॉट्सअॅप गटात कुणाच्या दैवताची टवाळी करू नका. जाणूनबुजून, दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावण्याचं पूर्वीचं २९५ अ कलम आता भारतीय न्याय संहितेत २९९ आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. न्यायालयात ते सिद्ध करणं सोपं नसतं, पण पोलीस ठाण्याच्या चकरा त्याआधी सुरू होतात.

सासूबाईंविषयी कायदा काही सांगत नाही, म्हणून माझंच सांगतो. माझे वडील अजनीला रेल्वेत होते, पक्के नास्तिक. आई भाद्रपदात महालक्ष्म्या बसवायची, आंबील करायची, आणि बाबा त्या तीन दिवसांत सगळ्या भाज्या आणून द्यायचे. बाबांनी देहदानाचा अर्ज भरला होता. ते गेले तेव्हा आईने एका शब्दाने विरोध न करता सही केली आणि आम्ही त्यांना मेडिकलच्या शरीररचनाशास्त्र विभागात पोचवून आलो. घरी आल्यावर आई म्हणाली, "ते निजायचे तिथं दहा दिवस दिवा लावू दे ना रे." मी नाही म्हणालो. बाबांना चाललं नसतं, असं म्हणालो. वर्षभराने मला कळलं की ते दहाही दिवस ती संध्याकाळी शेजारच्या क्वार्टरमध्ये जाऊन दिवा लावून येत होती. बाबांनी तिला आयुष्यात कधी दिवा लावू नको म्हटलं नव्हतं. तो हुकूम माझा होता, आणि आई आता नाही, त्यामुळे तो मला परत घेता येत नाही.

तेव्हा सासूबाईंचा देव्हारा राहू द्या. मुलगी आजीजवळ बसून आरती म्हणत असेल तर म्हणू द्या, आणि तुम्हाला विचारलं तर तुम्हाला काय वाटतं ते खरं सांगा. तिला दोन्ही ऐकू येतील.

या सोमवारी एवढं करा. मुख्याध्यापकांच्या नावाने अर्ज लिहा, अर्ध्या पानाचा. शाळेतल्या पूजेला माझा विरोध नाही, माझ्या विवेकाला अनुसरून मी व माझे पती यजमान म्हणून बसू शकत नाही, वर्गणीही देऊ शकत नाही, त्या दिवशी नेमून दिलेलं शाळेचं इतर काम मी करीन, आणि ही पाळी इच्छुक सहकाऱ्याला द्यावी. संविधानाचा अनुच्छेद २५ एका ओळीत नमूद करा, निकालांची यादी देऊ नका, ती पुढे लागली तर आपल्याकडे आहे. धमकीचा शब्द नको, सीआरचा उल्लेख नको. मुलीच्या शाळेचा अर्ज वेगळा करा, दोन्ही विषय एका कागदात घालू नका. दोन्ही अर्जांच्या दोन-दोन प्रती काढा. एक द्या, दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. क्लार्क म्हणेल, "ठेवून जा मॅडम, साहेब आले की देतो." बाकावर बसून राहा, पण आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका.